शोपियानचा बर्फ आणि पडेगावची खतावणी

मराठी माणसाच्या तोंडी थंडीसाठी शब्दांची वाण नाही. गारठा, कडाका, हुडहुडी, शिरशिरी, बोचरी थंडी, गुलाबी थंडी असे किती तरी शब्द आहेत आणि प्रत्येकाची छटा वेगळी आहे. आकाशातून पडणाऱ्या पांढऱ्या थंडीसाठी मात्र आपल्याजवळ जेमतेम एकच शब्द, बर्फ. उसाच्या रसातला तुकडाही बर्फ आणि हिमालयाच्या माथ्यावर भुरभुरणारा कापूसही बर्फच. 'हिम' आहे, पण तो ग्रंथांत आणि स्तोत्रांत. मराठी मुलखात महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी एखाद्या पहाटे दव गोठते, सातपुड्यातल्या उंच पाड्यांवर गवत पांढरे होते आणि त्याची छायाचित्रे दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत झळकतात. बर्फाशी आपला घरोबा एवढाच. छत्रपती संभाजीनगरात विणल्या जाणाऱ्या हिमरूचेही हिमाशी काही नाते नाही. तो शब्द फार्सीतून आला आहे आणि त्याचा संबंध किनखाबाची हुबेहूब नक्कल करण्याशी आहे.

शहराच्या पश्चिमेला, दौलताबादच्या वाटेवर असलेल्या पडेगावात एक व्यापारी कुटुंब राहते. बर्फाचा शब्द त्या कुटुंबाच्या खतावणीत शिरला, त्याला आता काही वर्षे होऊन गेली. जाधववाडीच्या बाजार समितीत त्यांचा गाळा आहे. फळांची आडत वडिलांनी सुरू केली. त्यांना घरीदारी सगळे 'भाऊ' म्हणत. पुढे दोन्ही मुले त्याच व्यवसायात आली. थोरले बंधू गाळा, उधारी आणि बँक पाहत. धाकटे बंधू माल आणण्यासाठी हिंडत. हंगामात मोसंबी पैठण आणि जालन्याकडची, डाळिंब नाशिककडचे, आणि दसऱ्यापासून पुढे काश्मीरचे सफरचंद.

हे सफरचंद बहुतेक आडते दिल्लीच्या आझादपूर बाजारातून घेतात. भाऊंनी मात्र फार पूर्वी शोपियानच्या एका बागाईतदाराशी थेट नाते जोडले होते. हाजीसाहेब म्हणून घरात त्यांचा उल्लेख होई. दर उन्हाळ्यात त्यांना उचल द्यायची आणि दसऱ्यापासून पेट्या यायला लागल्या की ती वळती करून घ्यायची, असा शिरस्ता होता. दोन्ही घरांतली माणसे एकमेकांच्या घरी कधी गेली नव्हती. ओळख होती ती आवाजाची, पेटीवरच्या खुणेची, आणि तळाला वर्षानुवर्षे तसेच कोरडे, स्वच्छ निघणाऱ्या भाताच्या पेंढ्याची. वरच्या थरात मोठे फळ आणि खाली बारीक, असे त्या पेटीत कधी निघाले नाही. आडतीच्या धंद्यात एवढे पुरेसे असते.

2018 च्या उन्हाळ्यात हाजीसाहेबांना 5 लाखांची उचल दिली होती. ऑक्टोबरअखेरपर्यंत 200 पेट्या आल्या. पेटीला 800 रुपयांप्रमाणे 1 लाख 60 हजार वळते झाले आणि 3 लाख 40 हजार येणे राहिले. उशिरा पिकणारे, टिकाऊ आणि चांगल्या भावाचे फळ अजून झाडावरच होते. दिवाळीनंतर ते येणार, हे ठरलेले.

इकडे मराठवाड्याचे ते वर्ष वाईट होते. परतीचा पाऊस आलाच नाही. 31 ऑक्टोबरला शासनाने राज्यातल्या 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. मोसंबीच्या बागा पाण्यावाचून वाळू लागल्या होत्या आणि शेतकऱ्यांकडची येणी थकली होती. थोरल्या बंधूंच्या मुलीचे लग्न फेब्रुवारीत ठरले होते. पडेगावच्या घरात दिवाळीची साफसफाई चालू होती, पण हिशेबाची वही उघडली की बोलणे आपोआप कमी होई.

त्यानंतर तीन दिवसांनी, शनिवारी 3 नोव्हेंबरला, काश्मीर खोऱ्यात बर्फ पडला.

काश्मिरात बर्फ पडला यात बातमी ती काय, असे बाहेरच्याला वाटावे. पण बर्फाचेही पावसासारखेच असते. मृगाचा पाऊस पेरणी करतो आणि तोच पाऊस कापणीच्या वेळी आला तर कणसात मोड आणतो. काश्मिरी पंचांगात बर्फाचा खरा हंगाम 21 डिसेंबरला सुरू होतो. त्या दिवसापासूनचे 40 दिवस म्हणजे चिल्लई कलां, थोरला चाळिसा. त्यानंतर 20 दिवसांचा चिल्लई खुर्द आणि शेवटी 10 दिवसांचा चिल्लई बच्चा. त्या काळात पडलेला बर्फ कोरडा, हलका आणि टिकणारा असतो. तेव्हा सफरचंदाचे झाड पूर्ण निष्पर्ण झालेले असते. फांदीवर थोडा बर्फ साचतो, वारा आला की झडून जातो. नोव्हेंबरच्या आरंभी गोष्ट वेगळी. झाडावर पान न् पान शाबूत, काही बागांत फळही लगडलेले. हवा शून्याच्या आसपास, म्हणून बर्फ ओला आणि जड. प्रत्येक पान ओंजळीसारखे तो धरून ठेवते. रात्रभरात एकेका झाडावर इतका भार साचतो की ज्या बेचक्यातून दोन मोठ्या फांद्या फुटलेल्या असतात, नेमके तेथेच झाड उभे चिरते. त्या रात्री शोपियानमध्ये माणसे काठ्या घेऊन बागांत हिंडत होती आणि फांद्या हलवून बर्फ पाडत होती. अंधारात कोठे तरी बंदुकीच्या बारासारखा आवाज होई. तो आवाज म्हणजे एक झाड गेल्याची खूण.

ही हकीकत पडेगावला लगेच कळली नाही. वीज गेली होती, फोन लागत नव्हता. जवाहर बोगद्यापाशी महामार्ग अडला होता आणि शोपियानहून पीरपंजाल ओलांडून पूंछकडे उतरणारा मुघल रस्ताही बंद होता. धनत्रयोदशीला, म्हणजे सोमवारी दुपारी, हाजीसाहेबांचा फोन आला. ते फार बोलले नाहीत. "शेठजी, झाडे गेली," एवढेच म्हणाले. किती गेली ते त्यांनाही मोजता आलेले नव्हते.

त्या संध्याकाळी घरातली माणसे एकत्र बसली. थोरल्या बंधूंचे म्हणणे सरळ होते. व्यवहार हा व्यवहार. नुकसान झाले याचे वाईट वाटते, पण पैसा आपला आहे. उचल मालापोटी दिली होती. माल नसेल तर पैसे परत यायला हवेत, नाही तर व्याजासह चिठ्ठी लिहून यायला हवी. दुष्काळाच्या वर्षी साडेतीन लाख असे वाऱ्यावर सोडता येत नाहीत. त्यांच्या बोलण्यात खोट काढावी असे काही नव्हते. घरात लग्न होते आणि बाहेरची उधारी त्यांनाच वसूल करायची होती. धाकट्या बंधूंचे मत वेगळे होते, पण त्यांच्यापाशी युक्तिवाद नव्हता, फक्त अस्वस्थता होती. "दादा, आत्ता त्यांना पैसे मागायचे कसे?" असे ते दोनदा म्हणाले आणि गप्प बसले.

भाऊंनी 2014 ची खतावणी काढायला सांगितली.

ते वर्ष दोन्हीकडचे होते. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात आणि उरलेल्या महाराष्ट्रातही अशी गारपीट झाली की म्हाताऱ्यांनाही तसे काही आठवत नव्हते. मोसंबीची झाडे सोलून निघाली, गहू आडवा झाला, द्राक्षांचे मांडव कोसळले. आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये झेलमने श्रीनगर बुडवले. एका पानावर पैठणकडच्या मोसंबीवाल्यांची खाती होती, थोड्या पानांनंतर हाजीसाहेबांचे. मोसंबीवाल्यांची येणी भाऊंनी तेव्हा दोन वर्षे पुढे ढकलली होती. बहुतेकांनी ती चुकती केली आणि दोघांनी कधीच केली नाहीत. ती दोन नावे थोरल्या बंधूंना पाठ होती, आणि त्यांनी त्या रात्री ती घेतलीही. हाजीसाहेबांच्या पानावर निराळीच नोंद होती. महामार्ग महापुराने तुटला असताना त्यांनी ट्रक मुघल रस्त्याने, साडेतीन हजार मीटर उंचीच्या पीर की गलीवरून लांबच्या वाटेने पाठवला होता. भाड्याचा फरक मोठा होता. त्यापुढे भाऊंच्या हातचे बारीक अक्षर होते, 'भाडेफरक समोरून सोसला, मागितला नाही.'

थोरल्या बंधूंनी ते वाचले. "चार वर्षांपूर्वीच्या भाड्याने आजचे साडेतीन लाख फिटत नाहीत, भाऊ," ते म्हणाले. आणि तेही खरेच होते.

भाऊंनी निकाल दिला नाही. वयाची ऐंशी गाठलेला तो माणूस दुकानातल्या बाबींत मुलांच्या मध्ये सहसा पडत नसे. ते एवढेच म्हणाले, की माल न पाहता आपण भाव बोलत नाही, तर नुकसान न पाहता कसे बोलता? एकाने जाऊन यावे. बुधवारी लक्ष्मीपूजन झाले. गुरुवारी पाडव्याला नव्या वहीवर वीर निर्वाण संवत 2545 लिहिले गेले. जुन्या वहीतली येणी नव्या वहीत उतरवताना हाजीसाहेबांचे पान तेवढे कोरे ठेवले. वर फक्त नाव घातले, आकडा नाही. अनेक वर्षांत त्या घरात असे कधी झाले नव्हते.

हाजीसाहेबांनी लगेच येऊ नका म्हणून कळवले. तुटलेली झाडे कापणे चालू होते, घरात पाहुण्याकडे लक्ष द्यायला कोणी मोकळे नव्हते. चिल्लई कलांत या, तेव्हा आम्हांला काही काम नसते, असे ते म्हणाले.

डिसेंबरच्या शेवटी महाराष्ट्रातही थंडीची लाट आली. नागपुरात 29 तारखेला पारा 3.5 अंशांवर उतरला. पडेगाव शहरापेक्षा मोकळे, त्यामुळे तेथे वाराही अधिक झोंबतो. पहाटे दूध आणायला निघालेली माणसे कानटोप्या घालून जात आणि देवगिरीचा किल्ला सकाळी उशिरापर्यंत धुक्यात बुडालेला असे. ही थंडी येते कोठून, हे सहसा कोणी विचारत नाही. भूमध्य समुद्राकडून इराण-अफगाणिस्तान ओलांडत जे पश्चिमी चक्रावात हिवाळ्यात हिमालयावर आदळतात, ते तेथे बर्फ टाकतात. ते पुढे सरकले आणि आकाश निवळले, की त्या बर्फावरून निघालेला कोरडा उत्तरेचा वारा पंजाब, राजस्थान, माळवा करत दख्खनवर उतरतो. शोपियानच्या छपरावर पडलेला बर्फ अशा रीतीने चार-दोन दिवसांत पडेगावच्या अंगणात थंडी होऊन पोहोचतो. गव्हा-हरभऱ्याला ती थंडी मानवते. निफाडच्या द्राक्षाला मात्र ती फार झाली की मणी तडकतात.

जानेवारीच्या मध्याला धाकटे बंधू सचखंड एक्सप्रेसने दिल्लीला आणि तेथून विमानाने श्रीनगरला गेले. बरोबर खाखऱ्यांचे दोन डबे, मेथीची चटणी, सुका मेवा आणि बाईंनी, म्हणजे त्यांच्या आईंनी, जबरदस्तीने कोंबलेले दोन जादा स्वेटर.

श्रीनगरात त्यांची उतरण्याची सोय एका मराठी घरात झाली. हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातली माणसे सोने-चांदी गाळण्याच्या कामासाठी भारतभर पसरली आहेत. गलाई व्यवसाय म्हणून तो ओळखला जातो. सराफाकडचे जुने दागिने आणि कचरा गाळून त्यातून शुद्ध धातू काढून देणे हे त्यांचे काम. श्रीनगरच्या सराफी पेठेतही अशी कुटुंबे अनेक वर्षे आहेत आणि भाद्रपदात तेथे गणपतीही बसतो. त्या घरातली गृहिणी सकाळी जळता कागद नळाच्या तोटीखाली धरून पाणी मोकळे करत होती आणि माहेरच्या माणसाला सांगावे तशी सांगत होती, की माणदेशात पाणी नाही म्हणून आलो, येथे पाणी आहे पण दगड झालेले. रात्री पारा शून्याखाली चार-पाच अंश जाई. अंथरुणात शिरताना अंग आखडून घेतले की तासाभराने कोठे ते सैल होई. भट्टीजवळ बसून दिवसभर काम करणारी ही माणसे काश्मिरी लोकांप्रमाणेच घरात फेरनच्या आत कांगडी धरून बसत. कांगडी म्हणजे वेताच्या जाळीत बसवलेले मातीचे छोटे शेगडीपात्र, आत कोळशाचा निखारा. ती हातात घेऊन चालायचे, बसायचे, बोलायचे. नवख्याला भीती वाटते, तिथल्या पोरांना वाटत नाही.

त्या हिवाळ्यात महामार्ग वरचेवर बंद पडत होता. ट्रकच्या रांगा लागल्या होत्या, बाजारात भाज्यांचे भाव चढले होते. त्यामुळेच काश्मिरी घरांत उन्हाळ्यातच दुधी, वांगी, टोमॅटो चिरून उन्हात वाळवून ठेवतात आणि हिवाळा त्यावर काढतात. छपराच्या कडेला लटकणाऱ्या त्या माळा पाहून धाकट्या बंधूंना आपल्याकडच्या कुरडया-सांडग्यांची आठवण झाली. चातुर्मासाआधी घरोघर होणारी वाळवणांची धांदल आणि ही धांदल एकाच जातीची. एक पावसाळ्यासाठी, दुसरी बर्फासाठी.

शोपियान श्रीनगरपासून दक्षिणेला सुमारे 50 किलोमीटर. गाडी हळू गेली. हाजीसाहेबांच्या घरातली हमामाची खोली, म्हणजे दगडी फरशीखाली लाकडे पेटवून ऊबदार ठेवलेली खोली, ही त्या घराची हिवाळ्यातली सगळी दुनिया होती. घरातली सहा माणसे, शेजारचे दोघे, शाळेची दप्तरे, वाळत घातलेले कपडे, सगळे तिथेच. पाहुणे सूर्यास्तानंतर जेवत नाहीत आणि बाहेरचे शिजवलेले खात नाहीत, हे हाजीसाहेबांना कित्येक वर्षांच्या फोनवरच्या गप्पांतून ठाऊक होते. पावणेसहाच्या आत सूर्य मावळतो, म्हणून त्यांनी साडेचारलाच पुढ्यात अक्रोड, बदाम आणि कापडाने पुसून लखलखीत केलेली सफरचंदे मांडली. कहव्यासाठी नवी किटली आणली होती. दुकानाचा कागद तिच्या दांड्याला अजून चिकटलेला होता. त्याबद्दल कोणी काही बोलले नाही. पाहुण्यांनी डबा उघडून खाखरे पुढे केले. मुलांनी ते पापड समजून मोडून खाल्ले आणि मेथीच्या चटणीला हात लावून तोंडे वाकडी केली.

दुसऱ्या दिवशी बाग.

सोळा कनालांची, म्हणजे आपल्या हिशेबाने दोन एकरांची ती बाग. झाडे एकशे साठच्या आसपास. गुडघाभर बर्फात ती काळी, उघडी उभी होती. जानेवारीचा बर्फ झाडांना इजा करत नव्हता, उलट त्यांना तो हवाच होता. सफरचंदाच्या कळीला झोपेतून उठण्याआधी सात अंशांखालच्या थंडीचे सुमारे हजार तास लागतात. तेवढी थंडी मिळाली नाही तर वसंतात फुलोरा विस्कळीत येतो. हाच बर्फ पुढे वितळून रंबियारा नदीत उतरतो आणि उन्हाळ्यात पाटांना पाणी देतो. दोन महिन्यांपूर्वी ज्याने बाग फाडली, त्याच्याचवर आता पुढच्या वर्षाची भिस्त होती. पहिल्या बर्फाला तिथे 'नवशीन' म्हणतात आणि त्याचे कौतुक करतात, गोडधोड करतात. त्या साली कोणी केले नाही, असे हाजीसाहेबांच्या सुनेने सांगितले.

41 झाडांची खोडे जमिनीलगत कापलेली होती. 60 हून अधिक झाडे शिवलेली होती. 'शिवलेली' हाच शब्द बरोबर. चिरलेल्या बेचक्याचे दोन भाग दोरांनी ओढून जवळ आणायचे, आरपार भोक पाडायचे, त्यातून लोखंडी बोल्ट घालून दोन्ही बाजूंनी नट आवळायचे, आणि फटीला मोरचूद-चुन्याचा लेप द्यायचा. मोसंबीच्या बागेत बुंध्यांना लावतात तोच बोर्डोचा मलम, फक्त येथे तो जखमेत भरलेला. नट-बोल्ट पाहून धाकट्या बंधूंना आपल्या गाळ्याचे शटर आठवले. तोच आकार, तोच गंज. हाजीसाहेब एकेका झाडाला हात लावत वय सांगत होते. हे बत्तीस वर्षांचे, हे धाकट्याच्या जन्माच्या वर्षीचे, हे वडिलांच्या हातचे. रोपापासून भरघोस फळ येईपर्यंत जुन्या जातीच्या झाडाला दहा-पंधरा वर्षे जातात. आता नव्या खुज्या कलमांना दोन-तीन वर्षांतच फळ धरते, पण त्यांना तारा, खांब, ठिबक आणि पुष्कळ भांडवल लागते. मोडलेल्या झाडाचा हिशेब म्हणून एका हंगामाच्या पेट्यांत होत नाही. आडत्याची वही तो एका हंगामात मांडते, कारण वहीला पाने तेवढीच असतात.

संध्याकाळी हमामात हाजीसाहेबांनी स्वतःच विषय काढला. पैसे कसे परत करायचे ते त्यांनी ठरवले होते. दिल्लीचा एक आडत्या नवी उचल द्यायला तयार होता. त्याच्याकडून घेऊन पडेगावचे देणे तत्काळ फेडायचे. "तुमच्या घरात लग्न आहे, मला ठाऊक आहे," ते म्हणाले. अट विचारली तेव्हा ती बाहेर आली. पाच वर्षे सगळा माल त्यालाच द्यायचा, भाव तो म्हणेल तो.

येथे धाकट्या बंधूंना जो युक्तिवाद धनत्रयोदशीच्या रात्री सापडला नव्हता तो सापडला, आणि तो करुणेचा नव्हता, सरळ आडतीचा होता. पैसे आज वसूल केले तर ते येतील, पण बाग कायमची दुसऱ्याच्या दावणीला जाईल आणि पाच वर्षांनी बागही राहील की नाही सांगता येत नाही. शिवलेल्या झाडाला खत-पाणी देण्याची ऐपत मालकाजवळ हवी. करुणा मनात नव्हती असे नाही. ती तर किटलीच्या दांड्यावरचा कागद पाहूनच दाटून आली होती. पण थोरल्या भावाला फोनवर पटवायला ती उपयोगी पडणार नव्हती, हे त्यांना ठाऊक होते.

फोन करायला अर्धा किलोमीटर बर्फातून चालत, सिग्नल मिळेल अशा उंचवट्यावर जावे लागले. येणे चार हंगामांत फिटेल, व्याज नाही, उरलेल्या झाडांच्या मालावर पहिला हक्क आपला, भाव त्या दिवशीच्या बाजाराचा. थोरले बंधू बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, "लिहून घेतलेस का?"

"घेतो."

"घे. आणि बूट कोरडे ठेव. बाई विचारताहेत."

लिहून घेतले ते उर्दूत आणि हिंदीत, एकाच कागदावर. फेब्रुवारीतले लग्न ठरल्या दिवशी झाले, पण मंडप लहान झाला, जेवणावळीच्या पंगती कमी झाल्या आणि मुलीच्या दागिन्यांतला एक नग पुढे ढकलला गेला. वहिनींनी त्यावेळी तोंडातून शब्द काढला नाही. धाकट्या दिरांशी त्या पुढे वर्षभर कामापुरतेच बोलल्या. औदार्याचा खर्च घरातले कोणते माणूस उचलते, हे ठरावाच्या कागदावर लिहिलेले नसते. व्यापारी घरांतल्या सुनांना हे वेगळे सांगायला नको.

करार जसा लिहिला तसा पार पडला नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये खोऱ्यातले फोन बंद झाले आणि ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत हाजीसाहेबांचा आवाज ऐकू आला नाही. तो आला, आणि 7 नोव्हेंबरला पुन्हा तसाच अवेळी बर्फ पडला. शिवलेल्या झाडांपैकी काहींचे बोल्ट ओढून निघाले. त्या हंगामात 60 हजार फिटले. पुढच्या वर्षी 90 हजार. 2021 मध्ये बर्फाने ऑक्टोबरचीही वाट पुरी पाहिली नाही, 23 तारखेलाच तो आला. 45 हजार. 2022 ला झाडे वाकतील एवढे पीक आले, तर सप्टेंबरात काझीगुंडजवळ सफरचंदांचे ट्रक दिवसेंदिवस अडकून पडले आणि भाव कोसळले. 70 हजार. चार हंगाम संपले तेव्हा खतावणीत 75 हजार येणे होते. चार वर्षांत तीन अवेळी बर्फ. थोरल्या बंधूंनी हा आकडा मोठ्याने उच्चारला, पण हाजीसाहेबांना फोन करून नाही.

2021 च्या उन्हाळ्यात भाऊ गेले. हाजीसाहेबांना येणे शक्य नव्हते. ऑक्टोबरच्या पहिल्या ट्रकमध्ये एका पेटीवर खूण नव्हती आणि ती पट्टीतही धरलेली नव्हती. उघडली तेव्हा आत अंबरी निघाली. ती काश्मीरची मूळची, सुवासिक, आता विरळ होत चाललेली जात. भाऊंना तीच आवडे. हमालांनी ती पेटी तोलायला घेतली होती, थोरल्या बंधूंनी ती बाजूला काढून घरी पाठवली. वहिनींनी तिच्यातली फळे पडेगावच्या गल्लीत घरोघर वाटली.

आता श्रीनगरपर्यंत रेल्वे गेली आहे. 2025 च्या जूनमध्ये चिनाब नदीवरच्या पुलावरून गाडी सुरू झाली आणि सप्टेंबरात बडगामहून दिल्लीकडे सफरचंदांची पार्सल गाडीही निघाली. जाधववाडीत त्याची चर्चा होते, भाड्याचे आकडे मांडले जातात. हाजीसाहेबांनी कापलेल्या 41 झाडांच्या जागी खुजी कलमे लावली आहेत. ती ठेंगणी, तारेला बांधलेली, बर्फाला थोडी अधिक सोसणारी. जुनी शिवलेली झाडे अजून उभी आहेत आणि कित्येकांनी नट-बोल्ट सालीच्या आत गिळून टाकले आहेत.

येणे कधीच फिटले. ऑक्टोबर लागला की शोपियानला पहिला फोन आता थोरले बंधूच करतात. भावाची चौकशी नंतर होते. आधी ते विचारतात, "हाजीसाहेब, पाने गळायला लागली का?"